रडणं चित्रात, समजूत शब्दांत

लहान मुलांच्या मालिकेचा एखादा भाग फसला की आपल्याकडे दोनच गोष्टी ऐकू येतात. आई-बाप म्हणतात, ‘काय वाट्टेल ते दाखवतात!’ आणि करणारे म्हणतात, ‘मुलंच ती, काहीही बघतात.’ मला दोन्ही पटत नाही. माझ्या कामात फसलेला भाग चांगल्या भागापेक्षा जास्त शिकवतो. भोपाळच्या उत्तरेला, बैरसिया रस्त्यावरच्या करोंदमध्ये मी राहते. मुलांसाठी केलेले कार्यक्रम पडद्यावर जाण्याआधी मुलांना दाखवायचे आणि त्यांची नजर कुठे खिळते, कुठे उडते, नंतर ती काय सांगतात हे टिपून ठेवायचं, हा माझा उद्योग. प्रेक्षक घराजवळच मिळतात. मंडीतल्या हमालांची, भाजीचे ठेले लावणाऱ्यांची, बांधकामावर आलेल्यांची चार ते सहा वर्षांची पोरं.

मध्यंतरी असाच एक भाग हाती आला. करणाऱ्यांचं नाव सांगत नाही, माणसं भली होती. जत्रेत ताईचा हात सुटून एक लहान मुलगी हरवते आणि शेवटी सापडते, एवढीच गोष्ट. त्यातली ताई अस्सल होती. हरवलेल्या बहिणीवर आधी रागावणारी आणि मग घाबरणारी. जत्रेचे आवाज तर इतके खरे, की शिट्टी वाजली तेव्हा आमच्यातली दोघं मागे वळून बघू लागली. भाषा पुस्तकी नव्हती. हे सगळं करायला हुशारी लागते आणि ती त्या मंडळींकडे भरपूर होती.

तरीही भाग पडला. हरवणं त्यांनी सविस्तर दाखवलं होतं: माणसांचे पायच पाय, अनोळखी चेहरे, मुलीचे भरून आलेले डोळे. सापडणं मात्र निवेदकाच्या तोंडी घातलं होतं. पोलीसकाकांनी फोन लावला, आई आली, आणि म्हणून मुलांनो, घरचा नंबर पाठ करा. शेवटच्या दृश्यात आई दिसते, पण लांबून आणि पाठमोरी. संपल्यावर एका चिमुरडीने मला विचारलं, “दीदी, वो मिली कि नहीं?” शेजारच्या मुलाने तिला ठामपणे सांगितलं, “नहीं मिली.” निवेदकाचं वाक्य दोघांच्याही कानांवर पडलं होतं.

चार-पाच वर्षांचं मूल चित्रावर विश्वास ठेवतं. शब्द त्याला कळतात, पण चित्र एक सांगत असेल आणि शब्द दुसरं, तर ते शब्दांना सोडून देतं. भीती चित्रात आणि धीर शब्दांत ठेवला, तर मुलाच्या हाती भीतीच उरते. आमचा जत्रेचा भाग इथेच आपटला.

या चुकीचं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेतल्या ‘सेसमी स्ट्रीट’चं आहे. हा कार्यक्रम 1969पासून चालू आहे, आणि ‘गली गली सिम सिम’ या त्याच्या भारतीय भावंडामुळे 2006पासून आपल्या घरांतही तो ओळखीचा झाला. 1992 साली त्यांनी आई-वडिलांच्या घटस्फोटावर एक भाग केला. त्यातल्या बिग बर्ड या पक्ष्याचा लाडका मित्र स्नफी, म्हणजे तो केसाळ, हत्तीएवढा स्नफलपगस, आणि त्याची धाकटी बहीण ॲलिस यांचे वडील घर सोडून जातात. लेखक होता नॉर्मन स्टाइल्स, म्हणजे त्या कार्यक्रमातला मुरलेला माणूस. भाग चित्रित झाला, बालवाडीतल्या मुलांना दाखवला गेला आणि निकाल भयंकर आला. मुलं रडली. स्नफीला बाबा आता कधीच भेटणार नाहीत, अशी काहींची समजूत झाली. घरात भांडण झालं की घटस्फोट होतो, असं काहींनी ठरवून टाकलं. बाबांचं तुमच्यावर अजून प्रेम आहे, हे त्यात मोठ्यांनी नीट सांगितलेलं होतं. पण ते सांगितलेलं होतं. रडणारा स्नफी मात्र दिसत होता.

या भागाला नुसतं वाईट म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्याने मुलांशी खोटेपणा केला नाही. शेवटी आई-बाबांना पुन्हा एकत्र आणून टाळ्या घेतल्या नाहीत. आपल्याकडच्या मुलांच्या मालिकांत एवढं धाडस मी अजून पाहिलेलं नाही. आपले बाबा फार तर परगावी जातात आणि दिवाळीला परत येतात. आणि मोठा गुण म्हणजे निकाल हाती आल्यावर त्या मंडळींनी पैशांकडे पाहिलं नाही, तो भाग कपाटात ठेवला. तो कधीच प्रसारित झाला नाही.

याच स्टाइल्सने नऊ वर्षं आधी त्याहून अवघड विषय पेलला होता. मिस्टर हूपर हा दुकानदार साकारणारे विल ली डिसेंबर 1982मध्ये वारले. दुसरा नट आणण्याऐवजी, किंवा हूपर गावाला गेले असं सांगण्याऐवजी, त्यांचं पात्रही वारलं असं दाखवायचं ठरलं. हा भाग 24 नोव्हेंबर 1983ला, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी प्रसारित झाला. सुट्टी असल्याने मोठी माणसं मुलांजवळ असतील, हा हिशेब. बिग बर्ड सगळ्यांना त्यांची चित्रं काढून वाटतो, हूपरचंही चित्र काढून आणतो आणि द्यायला ते कुठे दिसत नाहीत. मग ते चित्र त्याच्या घरट्यापाशी लागतं. माणूस परत येणार नाही आणि आठवण राहते, या दोन्ही गोष्टी मुलाला डोळ्यांनी दिसतात. घटस्फोटाचा विषयही त्यांनी पुढे 2012मध्ये पुन्हा घेतला. तेव्हा ॲबी नावाच्या परीची आई आणि बाबा आधीच वेगळे झालेले होते, आणि तिच्या चित्रात तिची दोन घरं होती. दोन घरं, म्हणजे कुठलंच हरवलेलं नाही.

आपल्याकडे ‘शक्तिमान’चं काय झालं तेही याच मापाने बघावं. 13 सप्टेंबर 1997ला दूरदर्शनवर तो आला. पुढे त्याची नक्कल करताना मुलांना इजा झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या. त्यांतल्या खऱ्या किती, हा वाद बाजूला ठेवते. भागाच्या शेवटी ‘छोटी छोटी मगर मोटी बातें’मध्ये खुद्द शक्तिमान मुलांना समजावायचा, आणि तोच पोशाख घालून तोच नायक बोलतो ही युक्ती झकासच होती. पण त्याआधी मुलाने काय पाहिलेलं असे? गिरकी घेतली की माणूस उडतो. वीस मिनिटांच्या गिरक्यांपुढे दोन मिनिटांच्या उपदेशाची काय मातब्बरी!

उलट बाजू पाहायची तर 1974चा ‘एक, अनेक और एकता’ पाहावा. त्यामागे विजया मुळे होत्या, चित्रं भीमसेन यांची, संगीत आपल्या वसंत देसाईंचं, आणि गाणारी साधना सरगम तेव्हा लहान मुलगीच होती. पक्षी जाळ्यात सापडतात आणि जाळंच घेऊन उडतात. आवाज बंद करून हा अनुबोधपट मी करोंदच्या मुलांना दाखवला आहे. “सब मिलके उड़े, तो बच गए,” एवढं तरी त्यांतली बहुतेक सांगतातच. एकात्मता हा शब्द त्यांना ऐकवावाच लागत नाही.

माझ्या कामाची रीत जुनीच आहे. ‘सेसमी स्ट्रीट’च्या सुरुवातीच्या काळात एडवर्ड पामर टीव्हीच्या शेजारी दुसरा पडदा लावत, त्यावर दर सात-आठ सेकंदांनी स्लाइड बदले, आणि मूल कधी तिकडे वळतं ते टिपलं जाई. पुढे डॅनियल अँडरसन यांनी दाखवून दिलं, की मुलं कंटाळ्यापेक्षाही न कळण्याने नजर काढून घेतात. आम्हाला दुसरा पडदा लागत नाही, करोंदला उघडं दार पुरतं. पण नजर खिळली म्हणजे भाग जमला, असंही नाही. जत्रेच्या भागात हरवण्याच्या वेळी एकाही मुलाने मान हलवली नव्हती. तक्त्यावर ते आकडे सुंदर दिसत होते, आणि करणारे त्यावरच अडून बसले होते. त्यांचं मन वळलं ते त्या चिमुरडीच्या प्रश्नाने. त्यांनी शेवट नव्याने केला. आई समोरून धावत येते, मुलीला उचलते, आणि दोघींचे चेहरे दिसत राहतात. फोन नंबरचा उपदेश गेला. त्याऐवजी मुलगी स्वतः पोलिसाला नंबर सांगताना दिसते. भाग अजूनही थोडा लांबतो, ताईचा राग मध्येच विरतो, पण आता मुलं “मिल गई” म्हणतात.

या सुट्टीत तुमचं मूल काही बघून उठलं, की ‘आवडलं का?’ असं विचारू नका. त्याला ते आवडलेलंच असतं. ‘काय झालं त्यात?’ असं विचारा, आणि ते सांगेल ती गोष्ट मध्ये न दुरुस्त करता शेवटपर्यंत ऐका.