फांदीला फांदी लागते तिथवर

कत्तले म्हणजे काळोख, कान म्हणजे राई. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या कत्तलेकानात भर दुपारी शिरले, तरी डोळ्यांना अंधाराशी जुळवून घ्यायला वेळ लागला. पायाखाली काळं, गार पाणी. गुडघे वर काढून कुणी बसावं तशी त्या पाण्यातून रानजायफळाच्या गोतातल्या झाडांची मुळं वर आलेली. काठावर एक उकललेलं फळ पडलं होतं. आत तपकिरी बी, आणि बोटांनी मूठ आवळावी तशी त्याला बिलगलेली तांबूस-केशरी साल. रामपत्री! गरम मसाल्याच्या पुडीत वाळून कोळ झालेली ती मी जन्मभर पाहत आले. ओली, झळझळीत अशी इथेच पहिल्यांदा भेटली.

"अक्का, मेले नोडी," बरोबरचा वाटाड्या कुजबुजला. वर बघा.

आधी दिसलं काहीच नाही. सालपटं मात्र टपटपत होती. मग पानं हलली आणि करड्या आयाळीतला काळा चेहरा क्षणभर आमच्याकडे वळला. सिंहपुच्छ वानर. शेपटीच्या टोकाला झुबका असतो म्हणून हे नाव. इथले लोक म्हणतात सिंगळीक. सह्याद्री आपलाही, पण हा रहिवासी आपल्या वाट्याला नाही. कर्नाटक, केरळ, तमिळनाडू एवढंच त्याचं जग, आणि त्याची उत्तरेकडची हद्द इथे, अघनाशिनीच्या खोऱ्याच्या आसपास संपते. माकडांचे अभ्यासक होन्नवळ्ळी कुमार आणि मेवा सिंग यांनी पायी फिरून शिरसी-होन्नावरच्या रानांत याचे 32 कळप नोंदले. त्यानंतर 2011 मध्ये इथे त्याच्यासाठी राखीव क्षेत्र झालं.

आम्ही आलो होतो त्याला राहण्याजोगं रान नकाशावर शोधायला. कळप दिसला ती जागा, तिथला पाऊस, उंची, झाडोरा हे सगळं संगणकाला द्यायचं. मग तो उरलेल्या मुलखातल्या तशाच जागा रंगवून देतो. फार देखणा नकाशा होतो. पण उपग्रहाला वरून सुपारीची बागही हिरवी दिसते आणि सोप्पिनबेट्टही. बागायतदार ज्या रानातून सुपारीसाठी पाला तोडून नेतात, ते सोप्पिनबेट्ट. दरसाल छाटलेली ती झाडं माथ्यावर मूठभर पानं घेऊन खांबासारखी उभी असतात. शेतकऱ्याला मी बोल लावणार नाही, त्याची बाग त्या पाल्यावर जगते. मात्र सिंगळीक बहुतेक सगळं आयुष्य झाडांवर काढतो. फांदीला फांदी लागते तिथवरच त्याचं रान. त्याला जमिनीवर उतरावं लागलं की काय होतं ते तमिळनाडूतल्या वालपारईच्या चहामळ्यांत दिसलं: रस्ता ओलांडताना माकडं गाड्यांखाली सापडू लागली, तेव्हा तिथे झाडाझाडांत झुलते पूल बांधावे लागले. एका मादीला दोन पिल्लांमध्ये जवळपास तीन वर्षं लागतात. गेलेलं एक जनावर भरून यायला किती काळ जातो!

म्हणून मी नकाशा दुमडून पिशवीत टाकला आणि दोन दिवस फक्त वर बघत चालले. कुठे माथे भिडतात, कुठे आभाळ दिसतं. मान अवघडून गेली. पण आभाळ दिसलं की थांबायचं, जीपीएसचा आकडा घ्यायचा आणि अंतर लिहायचं, हे मी चुकवलं नाही. संगणकाला हे शिकवायलाच हवं.

परतताना डांबरी रस्त्याशी तोच कळप पुन्हा दिसला. पोटाशी पिल्लू घेतलेली एक मादी फांदीच्या पार टोकाशी आली. फांदी वाकली. पलीकडचं झाड तीसेक फुटांवर असेल. ती बराच वेळ तिकडे बघत बसली. गालाची पिशवी भरलेली, तोंड सावकाश हलत होतं. मग वळली आणि आली तशी आत गेली. जाताना तिने एक बी थुंकलं. ते डांबरावर पडलेलं मला ऐकू आलं.