गोवा, गयाना आणि कलम ५१

आंतरराष्ट्रीय कायदा शिकवताना बळाच्या वापराचा धडा आला की मी वर्षानुवर्षं गोव्याचं उदाहरण द्यायचो, आणि छाती फुगवून द्यायचो. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम २(४) सांगतं की कुठल्याही राष्ट्रानं दुसऱ्याविरुद्ध बळ वापरायचं नाही, तशी धमकीही द्यायची नाही. यातून सुटायच्या वाटा दोनच. एक, सुरक्षा परिषदेची परवानगी. दुसरी, कलम ५१ खालचं स्वसंरक्षण. तेही सशस्त्र हल्ला झाला असेल तर, आणि केलेली कारवाई परिषदेला ताबडतोब कळवून. एवढं फळ्यावर लिहून झालं की मी विचारायचो, “मग १९६१ साली आपण काय केलं?” उत्तरही मीच द्यायचो. पोर्तुगालनं १५१० मध्ये गोवा बळानं घेतला, ते आक्रमण साडेचारशे वर्षं चालूच होतं. घर आपलं, घुसखोर हाकलला, यात आक्रमण कसलं? वर्गात टाळ्या पडायच्या.

हा युक्तिवाद माझ्या पदरचा नव्हे. १८ डिसेंबर १९६१ ला, आपलं सैन्य गोव्यात शिरलेलं असताना, भारताचे प्रतिनिधी सी. एस. झा यांनी तो सुरक्षा परिषदेत मांडला. सनद असो वा नसो, परिषद असो वा नसो, वसाहतवाद आम्ही खपवून घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी सुनावलंही. ते वाचताना अंगावर मूठभर मांस चढायचं. आमच्या घरातले एक जण १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीच्या सीमेवर होते. त्या दिवशी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या चालवल्या, वीसहून अधिक माणसं गेली. अशा घरात वाढलेला माणूस सनदेची कलमं कुठल्या चष्म्यातून वाचणार?

मत बदललं ते गयानामुळे, असं सांगितलं तर लोक हसतात. पण झालं तसंच. रशियानं युक्रेनवर सैन्य घातलं आणि वर कलम ५१ चा हवाला दिला, तेव्हा मी परिषदेची जुनी प्रकरणं पुन्हा काढून बसलो. त्यात फॉकलंड होतं. २ एप्रिल १९८२ ला अर्जेंटिनानं ती बेटं ताब्यात घेतली. म्हणणं काय, तर ब्रिटननं १८३३ मध्ये ती बळानं बळकावली, हा वसाहतवाद आहे, आम्ही आमचंच परत घेतलं. झांच्या भाषणातलं साल आणि गावाचं नाव बदलायचं, की झालं. दुसऱ्याच दिवशी ठराव ५०२ मतदानाला आला: अर्जेंटिनानं सैन्य मागे घ्यावं. बाजूनं १०, विरोधात एकटा पनामा, चार तटस्थ. बाजूचे सगळे ब्रिटनचे जुने दोस्त असतील, असं मी धरून चाललो होतो. यादीत युगांडा, टोगो, झाईर, जॉर्डन निघाले. आणि गयाना.

गयाना १९६६ पर्यंत ब्रिटिशांचीच वसाहत. ब्रिटनचा पुळका यायचं त्याला काही कारण नव्हतं. पण शेजारचा व्हेनेझुएला एसेकिबो प्रदेशावर हक्क सांगतो, आणि तो प्रदेश म्हणजे गयानाचा सुमारे दोन तृतीयांश भाग. जुन्या अन्यायाच्या नावाखाली सैन्य घालायला एकदा मुभा मिळाली की गयानाच्या वाट्याला एक पट्टी उरेल. मोठ्या देशांना सनदेवाचून निभावता येतं. या देशाला येत नाही.

मग आपल्याच १९६२ कडे पाहिलं. गोव्यानंतर दहा महिन्यांनी, २० ऑक्टोबरला, चिनी सैन्य उतरलं. मॅकमहोन रेषा साम्राज्यवाद्यांनी लादलेली, हे त्यांचं पालुपद होतं. गोवा आणि चीन हे धडे मी वेगवेगळ्या आठवड्यांत शिकवायचो, म्हणून ते एकमेकांना कधी भेटलेच नाहीत.

स्वसंरक्षणाचा मुद्दाही तपासून पाहिला. नोव्हेंबर १९६१ मध्ये अंजदीव बेटावरून ‘साबरमती’ बोटीवर आणि मच्छीमारांच्या होड्यांवर गोळीबार झाला, एक मच्छीमार मेला. आगळीक नक्कीच, पण तिला उत्तर म्हणून अख्खा प्रदेश घेणं प्रमाणात बसत नाही. मतदानाचंही तेच. भारतानं माघार घ्यावी हा ठराव सोव्हिएत नकाराधिकारानं पडला, हे मी रंगवून सांगायचो. त्याच्या बाजूनं सात आणि विरोधात चार मतं होती, आणि सिलोन, लायबेरिया व संयुक्त अरब प्रजासत्ताकाचा आपल्या बाजूचा ठराव ४ विरुद्ध ७ मतांनी कोसळला, हे मात्र गाळायचो.

मग सनद झाली त्या १९४५ साली ज्याच्या हातात जे होतं ते कायमचं त्याचंच? हा प्रश्न मला अजून छळतो. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार यानं १९५१ मध्ये वसाहतींचं ‘सागरपारचे प्रांत’ असं बारसं करून बोलणीच खुंटवली. पण वाट निघत होती. १४ डिसेंबर १९६० ला आमसभेनं वसाहतींच्या मुक्तीचा ठराव १५१४ मंजूर केला. बाजूनं ८९, विरोधात शून्य, नऊ तटस्थ. दुसऱ्या दिवशीच्या ठरावात गोवा हा स्वशासन नसलेला प्रदेश म्हणून नोंदला गेला, म्हणजे ‘प्रांता’चा दावा निकालात निघाला. झांनी १५१४ चाही आधार घेतला होता. माझ्या वर्गात मात्र १५१० मध्ये गोवा घेणारा अल्बुकर्कच गाजायचा. आज मला आपल्या बाजूचा भक्कम भाग हा ठरावच वाटतो, कारण तो जमीन पूर्वी कुणाची हे विचारत नाही, तिथल्या माणसांना काय हवं ते विचारतो. अर्थात मग आपल्यालाही उत्तर द्यावं लागतं. गोवेकरांचा कौल घेतला तो जानेवारी १९६७ मध्ये, आणि तोही महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं एवढाच. विलीनीकरण नाकारणाऱ्या त्या निकालाची चुटपुट महाराष्ट्रात अजून काहींना आहे; त्याआधी भारतात यायचं का हे कुणी विचारलं नव्हतं, याची आठवण कुणी काढत नाही.

पोर्तुगालनं गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते लिस्बनमधली हुकूमशाही कोसळल्यावर, ३१ डिसेंबर १९७४ च्या तहानं. कागदावरची बाजू तिथे पुरी झाली.

तेव्हा ती कारवाई सनदेत बसत होती का, असं विद्यार्थ्यानं विचारलं तर मी आता ‘नाही’ म्हणतो. करायला हवी होती का, तर ‘हो’. ही दोन उत्तरं एकत्र पचत नसतील त्यांनी परिषदेच्या ९८७ आणि ९८८ क्रमांकाच्या बैठकांचं इतिवृत्त मुळातून वाचावं, आणि लगेच फॉकलंडचं.