दोन मासे आणि नवीन घराचं पाणी

बेंगळुरूत भाड्याने राहणाऱ्यांना घर बदलणं नवीन नसतं. अकरा महिन्यांचा करार संपत आला की मालकाचा फोन येतो आणि पुन्हा खोकी, चिकटपट्टी, टेम्पोची शोधाशोध सुरू होते. आमचं हे तिसरं घर, या वेळी जयनगरहून सर्जापूर रोडला. सामानाची यादी भराभर झाली, पण एका ओळीपाशी सगळे अडले: हॉलमधली तीन फुटी काचेची टाकी आणि तिच्यातले दोन गोल्डफिश.

"दुकानात देऊन टाका, तिकडे नवीन घ्या," असा सल्ला जवळपास सगळ्यांनी दिला. हिशेबाने तो योग्यच होता. पण हे मासे सासूबाईंनी आणलेले. त्या गेल्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून अप्पा, म्हणजे माझे सासरे, मोजकंच बोलतात. रोज सकाळी साडेसहाला मात्र ते टाकीपाशी उभे राहतात आणि त्यांची चाहूल लागताच दोन्ही मासे वर येतात. गोल्डफिशला काही लक्षात राहत नाही असं म्हणतात, ते खरं नाही. खायला देणारा माणूस ते चांगला ओळखतात. अप्पांनी एवढंच सांगितलं, "ते दोघं येणार असतील तर मी येतो."

पॅकर्सवाल्यांनी हात जोडले. जिवंत प्राणी आणि भरलेली टाकी ते नेत नाहीत. भरलेली टाकी तशीही कोणीच हलवू नये. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. आमच्या टाकीत साधारण सव्वाशे लिटर पाणी, शिवाय खडी आणि काच. थोडं पाणी ठेवून उचलली तरी ते हिंदकळतं आणि काचांच्या सांध्यातलं सिलिकॉन सुटू शकतं. म्हणजे टाकी पूर्ण रिकामी करायची, हे ठरलं.

हलवायचे ते फक्त मासे नव्हेत, हे समजून घेणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. माशांच्या विष्ठेतून आणि श्वासातून पाण्यात अमोनिया मिसळतो आणि तो त्यांच्यासाठी विषारी असतो. फिल्टरच्या स्पंजवर वाढलेले जिवाणू या अमोनियाचं आधी नायट्राइट करतात, मग त्याहून कितीतरी सौम्य असं नायट्रेट. ही वसाहत तयार व्हायला काही आठवडे लागतात. पाणी चकाचक असलं तरी ती नसेल तर मासे दगावतात. म्हणूनच घर बदलताना उत्साहाने नळाखाली धुतलेला फिल्टर घात करतो. स्पंज वाळला किंवा क्लोरीनचं पाणी लागलं की जिवाणू मरतात. आम्ही स्पंज टाकीतल्याच पाण्यात भिजवून, हवा राहील अशा डब्यात ठेवला. खडीही जुन्याच पाण्यात हलकी खळबळून घेतली.

दुसरा प्रश्न पाण्याचा. जयनगरला कावेरीचं पाणी येतं. ते तोरेकाडनहळ्ळीहून सुमारे 100 किलोमीटर पाइपातून, जवळपास 500 मीटर उंची चढवून शहरात आणतात. नव्या सोसायटीत मात्र बोअर आणि टँकर. 2024च्या उन्हाळ्यात शहरातल्या कितीतरी बोअर आटल्या, तेव्हा 'तुमच्याकडे पाणी कुठलं?' हा प्रश्न भाड्याच्या आधी विचारायचा, हे सगळ्यांनाच कळलं. बोअरचं पाणी जड असतं. बादलीवर आणि नळावर पांढरा थर धरतो. माणूस चार दिवस कुरकुरतो आणि सवय करून घेतो. माशाला पाणी एकदम बदललेलं सोसत नाही.

यावर उपाय सोपा होता. नव्या घराची किल्ली पंधरा दिवस आधी मिळाली होती. साफसफाईला गेलो की प्रत्येक वेळी एक कॅन पाणी भरून आणायचं आणि टाकीतलं थोडं पाणी बदलताना तेच घालायचं. अप्पा वहीत तारीख आणि लिटर लिहू लागले. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या हातात पेन दिसलं.

निघण्याच्या आदल्या दिवशी माशांना खायला दिलं नाही, म्हणजे वाटेत पाणी घाण होत नाही. रविवारी पहाटे, रहदारी सुरू व्हायच्या आत, साबण कधीही न लागलेल्या दोन झाकणाच्या बादल्यांत टाकीचंच पाणी घेऊन एकेक मासा सोडला. बॅटरीवरचा एअर पंप लावला आणि वरून टॉवेल पांघरला, कारण अंधारात मासे शांत राहतात. जुनं पाणी पाच-सहा कॅनमध्ये भरून घेतलं. टाकी थर्मोकोलच्या पत्र्यावर ठेवून, खालून आधार देत दोघांनी उचलली.

कॅबच्या चालकाने बादल्यांकडे पाहून विचारलं, "मीनु?" अप्पांनी मान हलवली. मीन म्हणजे मासा, नीरु म्हणजे पाणी. एवढी कन्नड मराठी माणसाला शिकवावी लागत नाही. त्याने प्रत्येक हंपवर गाडी अगदी हळू घेतली.

नव्या घरी सगळ्यात आधी टाकी उभी राहिली, गॅसची शेगडी नंतर. खडी, जुनं पाणी, अँटी-क्लोरीनचे थेंब घातलेलं थोडं नवं पाणी आणि ताबडतोब फिल्टर सुरू. मग बादलीत पेला-पेला टाकीचं पाणी घालत अर्धा-पाऊण तास गेला आणि त्यानंतर मासे हलकेच जाळीने टाकीत सोडले. पहिल्या दिवशी दिवा बंद, खाणं बंद. पुढचे दोन आठवडे खाणं निम्मं आणि दर दोन दिवसांनी किटने अमोनियाची तपासणी. बेंगळुरूच्या हवेत गोल्डफिशला हीटर लागत नाही, एवढी एक सोय.

पहिले दोन दिवस मासे एका कोपऱ्यात चिकटून होते. अप्पाही त्यांच्या खोलीतून फारसे बाहेर आले नाहीत. चौथ्या दिवशी शेजारचा पाच-सहा वर्षांचा मुलगा उघड्या दारातून डोकावला आणि टाकीला नाक लावून उभा राहिला. त्याला मराठी येत नाही आणि अप्पांची कन्नड तुटपुंजी. अप्पांनी त्याच्या तळहातावर मोजून चार दाणे ठेवले, बोटाने पाण्याकडे खूण केली आणि म्हणाले, "हळू टाक. एकेक."