पूर्ण बाह्यांचे कुर्ते

आमच्या धाकटीच्या हातांवर आणि ओठांच्या कडेला दोन वर्षांपूर्वी पांढरे डाग दिसू लागले. डॉक्टरांनी तपासून कोड असल्याचं सांगितलं. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट होतात म्हणून हे डाग पडतात. हा कुष्ठरोग नव्हे आणि स्पर्शाने पसरतही नाही. आम्ही दोघं नवरा-बायको शिक्षक, आम्हाला हे सगळं समजलं. तरीही त्याच आठवड्यात आम्ही तिच्यासाठी पूर्ण बाह्यांचे चार कुर्ते शिवून घेतले.

ईदच्या सुट्टीत तिचा मामेभाऊ राहायला आला. त्याला एक्स-मेनचं भारी वेड. स्टॅन ली आणि जॅक किर्बी यांनी १९६३ साली अमेरिकेत सुरू केलेली ही चित्रकथा. पुढे तिच्यावर सिनेमेही आले. त्यातले म्यूटंट जन्मतःच वेगळे असतात. बहुतेकांची अजब ताकद वयात येताना दिसू लागते आणि लोक त्यांना घाबरतात. तो लाडाने धाकटीला म्हणाला, "तू पण म्यूटंट!" ती हसली. रात्री मात्र अम्मीच्या कुशीत शिरून म्हणाली, "त्यांच्याकडे ताकद असते. माझ्याकडे तर नुसते डाग आहेत."

आम्हाला उत्तर सुचेना. म्हणून आम्ही तिला एक जुनी गोष्ट सांगितली.

मेरी शेली ही इंग्रज मुलगी १८१६ साली जिनिव्हाजवळ राहत असताना, अवघ्या अठराव्या वर्षी 'फ्रँकेनस्टाइन' लिहू लागली. १८१८ साली ही कादंबरी लेखिकेच्या नावाविनाच छापली गेली. लोक त्यातल्या राक्षसाला फ्रँकेनस्टाइन म्हणतात. खरं तर ते त्याला घडवणाऱ्या व्हिक्टर नावाच्या विद्यार्थ्याचं आडनाव. मृतांचे अवयव जोडून त्याने एक जीव उभा केला, पण त्या जिवाने डोळे उघडताच तो घाबरून खोलीतून पळाला. त्याला कुणी नावसुद्धा ठेवलं नाही.

हा बेवारस जीव जर्मनीतल्या एका गरीब कुटुंबाच्या घराला लागून असलेल्या खोपटात लपून राहतो. रात्री गुपचूप त्यांच्यासाठी सरपण आणून ठेवतो. त्या घरी सफी नावाची एका तुर्की व्यापाऱ्याची मुलगी येते. तिला त्यांची भाषा येत नाही. घरातला फेलिक्स तिला शिकवतो आणि भिंतीच्या फटीतून पाहत हाही शिकतो, तिच्याहून लवकर. रोज वर्गात भाषा शिकवणाऱ्या आम्हाला हा वर्गाबाहेरचा विद्यार्थी विसरता येत नाही.

एके दिवशी धीर करून तो घरात जातो. तेव्हा आंधळे आजोबा एकटेच असतात. ते मायेने बोलतात. इतक्यात बाकीचे परततात. फेलिक्स त्याला काठीने मारतो. स्वतः परक्या मुलखातून आलेली सफीसुद्धा पळून जाते. तो खून करायला लागतो तो त्यानंतर.

धाकटी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण त्याला बनवणाराच का पळाला?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. समोर खुंटीवर तिचा पूर्ण बाह्यांचा कुर्ता लटकत होता. सूरह हुजुरातमध्ये एकमेकांना वाईट नावांनी हाक मारायला मनाई आहे. तसं नाव आम्ही तिला कधी ठेवलं नव्हतं. सातव्या दिवशी अकीका करून मोठ्या हौसेने चांगलं नाव ठेवलं होतं. पण तिला झाकताना, तुझ्यात लपवण्यासारखं काही आहे, हेच आम्ही न बोलता रोज सांगत होतो. आणि ताकद असेल तरच वेगळ्या मुलाला घरात जागा, असं थोडंच आहे?

त्या रात्री आम्ही तिची माफी मागितली.

पुढच्या महिन्यात घरात लग्न होतं. काय घालायचं ते तिच्यावर सोडलं. तिने अर्ध्या बाह्यांचा ड्रेस निवडला. मेंदी काढणारी मुलगी तिचा हात पाहून थबकली. पूर्वी आम्ही लगेच दुपट्टा पुढे ओढला असता. या वेळी आम्ही शेजारी बसून राहिलो. धाकटीच म्हणाली, "कोड आहे. पसरत नाही." त्या मुलीने हात धरला आणि मेंदी काढायला घेतली.

आजही काही दिवस ती पूर्ण बाह्या घालते. तेव्हा आम्ही काही बोलत नाही, कारण आता कुर्ता ती निवडते.