खारेपाटातली शेते आणि सातबाऱ्याबाहेरची माणसे

पनवेलहून पेणची एस.टी. पकडली की पळस्पे, कर्नाळा मागे पडते आणि खारपाड्याच्या पुलावर पाताळगंगेचा खारा वारा अंगावर येतो. आम्ही गेलो ते नोव्हेंबरात. भातकापणी चालू होती. पेण म्हटले की लोकांना गणपतीच्या मूर्ती आठवतात. आम्हांला पाहायची होती ती शेते, सेझमध्ये जाता जाता वाचलेली.

ही जमीन निसर्गाने आयती दिलेली नाही. खाडीचे पाणी अडवून पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी ती तयार केली. समुद्राच्या बाजूला मातीचा बांध, त्याला बाहेरकाठा म्हणतात. त्यात उघाडी, म्हणजे पावसाचे पाणी बाहेर जावे आणि भरतीचे आत येऊ नये अशी सोय. एखाद्या उधाणाला बांध फुटला की शेतात खारे पाणी शिरते आणि पुढची काही वर्षे धड पीक येत नाही. म्हणून घरटी माणूस लावून बांध घालायचा, रात्री-अपरात्री भगदाडे बुजवायची. चिखलाची पाटी डोक्यावर वाहणाऱ्यांत आपलीही माणसे होती. सातबाऱ्यावर मात्र त्यांची नावे शोधून सापडत नाहीत.

२००५ साली केंद्राने सेझचा कायदा केला. त्यानंतर रिलायन्सचे महामुंबई सेझ आले. पेण, उरण, पनवेल या तीन तालुक्यांतील ४५ गावे त्यात जाणार होती. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखी म्हातारी माणसे रस्त्यावर उतरली. शेतकऱ्यांचे म्हणणे सरळ होते. जवळच हेटवणे धरण बांधले आहे, त्याचे पाणी आमच्या शेतात आणा, आम्ही दोन पिके काढू. पाणी मात्र नवी मुंबईकडे गेले आणि शेतकऱ्याला सांगण्यात आले की तुमची शेती परवडत नाही! सप्टेंबर २००८ मध्ये धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत शेतकऱ्यांचे मत घेण्यात आले. कौल सेझच्या विरोधात गेला. २००९ मध्ये भूसंपादनाची मुदत संपली आणि जमीन राहिली.

पेणहून वडखळ, तिथून अलिबाग रस्त्याने पोयनाडकडे वळलो. जवळच चरी हे गाव आहे. १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली इथल्या कुळांनी खोतांची जमीन कसायचीच नाही असे ठरवले. संप १९३९ पर्यंत चालला. जमिनी ओस पडल्या, माणसांनी लाकूडफाटा विकून दिवस काढले, पण नांगर धरला नाही. बाबासाहेब त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १९३७ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. या मातीत जमिनीचा झगडा सेझने आणलेला नाही. तो आपल्या चळवळीइतका जुना आहे.

परतताना संध्याकाळी पेण तालुक्यातल्या एका बौद्धवाडीत थांबलो. विहारात वंदना झाली, चहा आला आणि बोलणे जमिनीवर गेले. सेझ गेले याचा आनंद आहे का, असे आम्ही विचारले. एक आजी म्हणाल्या, मत विचारले ते जमीनवाल्यांना, आम्हांला कोणी विचारलेच नाही. जमीन गेली असती तर चेक त्यांना मिळाला असता, आमची कापणीची मजुरी तेवढी गेली असती. त्यांचा नातू आय.टी.आय. झालेला, कारखान्यात ठेकेदाराकडे लागलेला. तो म्हणाला, आजी, पण मला भात कापायचे नाही.

तो चुकत नाही. १९१८ सालच्या लहान शेतजमिनींवरील निबंधात बाबासाहेबांनी हेच मांडले होते, की शेतीवर माणसांचा भार फार आहे, तो उद्योगानेच हलका होईल. आपण कारखान्याचे वैरी नाही. गावकीच्या चिखलातून आपल्या बापजाद्यांना मुंबईच्या गिरण्यांनी आणि गोदीनेच बाहेर काढले. पण पिकाऊ जमीन घ्यायची, नोकरी ठेक्यावर द्यायची आणि मजुराला हिशेबातच धरायचे नाही, याला औद्योगिकीकरण कसे म्हणावे?

१८९४ च्या जुन्या भूसंपादन कायद्यात शेतमजूर नव्हताच. २०१३ च्या कायद्याने त्याला जागा दिली. संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागात राबून पोट भरणारा शेतमजूर किंवा कूळही बाधित कुटुंबात धरले जाते, जमीन नावावर नसली तरी. दुबार पिकाची ओलिताची जमीन शेवटचा उपाय म्हणूनच घ्यावी, असेही त्यात आहे. आता २०२४ मध्ये उरण, पनवेल, पेण तालुक्यांतील १२४ गावांवर नव्या शहराची अधिसूचना निघाली आहे. जमीन वाटाघाटीने, संमतीने घेतली गेली तर सही पुन्हा सातबाऱ्यावाल्याचीच लागणार. मजूर कुठे उभा राहणार?

नातवाने विहाराच्या कपाटातून वर्गणीची वही काढली. मागच्या कोऱ्या पानावर आजीचे नाव घातले, कोणाच्या शेतावर, किती वर्षे, ते विचारून लिहिले. मग शेजारच्या काकींना हाक मारली. आमची शेवटची गाडी होती, आम्ही निघालो तेव्हा विहाराच्या पायरीवर बायकांची रांग लागली होती.