कॅबिनेटातला वारा

१९९८-९९च्या सुमारास कॉम्प्युटर असेंबल करून घ्यायचा म्हणजे आधी कागदावर यादी व्हायची. प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, मॉनिटर. पंखा त्या यादीत नसायचाच. लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार शेवटी ‘कॅबिनेट, एसएमपीएससह’ एवढं खरडायचा, आणि त्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यात, जो कुठला ८० मिलिमीटरचा पंखा बसवलेला असेल तोच पुढची चार-पाच वर्षं घरभर ऐकू यायचा. प्रोसेसरवर आणखी एक चिमुकला असे. त्यापलीकडे चौकशी करणारा माणूस चिकित्सक गणला जाई.

तेवढ्यावर भागतही होतं. ५०० मेगाहर्ट्‌झचा पेंटियम थ्री जेमतेम तीसेक वॅट खायचा. एसएमपीएस कॅबिनेटात मागे वरच्या बाजूला असे. गरम हवा वर जमते, आणि ती तोच ओढून बाहेर टाकायचा. समोर जादा पंख्यासाठी जागा ठेवलेली असायची, पण तिथल्या पत्र्याला पाडलेली भोकं इतकी बारीक की भोकांपेक्षा पत्राच जास्त. वर त्याच्यापुढे प्लास्टिकचा बंद मुखवटा. हवा यायची ती खालच्या एका फटीतून, आणि बरोबर झुरळंही यायची.

उष्णतेचं भय मात्र तेव्हा आजच्यापेक्षा जास्त होतं. शाळा-कॉलेजांतल्या कॉम्प्युटर लॅबबाहेर चपलांची रांग, आत एसी, यंत्रांवर शिवून घेतलेली कव्हरं. घरी एसी कुठला? मे महिना आला की बाजूचा पत्रा काढून ठेवायचा आणि टेबलफॅनचं तोंड मदरबोर्डकडे करायचं. याने पारा खरंच उतरायचा. धूळही तितक्याच इमानाने आत जायची.

खरी पंचाईत झाली २००४ साली. इंटेलचा प्रेस्कॉट नावाचा पेंटियम फोर आला आणि त्याची वरची मॉडेलं शंभर वॅटच्या पुढे गेली. त्याच सुमाराची बरीच कॅबिनेटं बाजूच्या पत्र्यावर प्लास्टिकचं नरसाळं घेऊन आली, थेट प्रोसेसरवर बाहेरची हवा पाडण्यासाठी. प्रोसेसरपाशी पोचणारी हवा ३८ अंशांच्या वर जाऊ नये, असा इंटेलचा हिशेब होता. नागपूरकराने तो ऐकून काय करायचं!

आमच्यासारखे लोक स्वतंत्र पंखे विकत घेऊ लागले ते इथून. जोडणी मोलेक्सची. चार तारा: पिवळी १२ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट, मधल्या दोन्ही काळ्या. पंखा पिवळ्या-काळ्यावर लावला की पूर्ण वेगाने किंचाळायचा. वेग कमी करायचा तर बायॉसमध्ये सोय नव्हती, मग युक्ती तारांतच काढायची. बारीक टाचणीने कनेक्टरमधल्या पिना मोकळ्या करून पंख्याची काळी तार लालच्या जागी सरकवायची. १२ आणि ५ यांत फरक सातचा, म्हणून पंखा ७ व्होल्टवर शांत फिरे. हा जुगाड जाणणारा आपल्या गल्लीत इंजिनिअर समजला जात असे, मग शिक्षण काहीही असो.

हवा कुठल्या बाजूने बाहेर पडते ते उदबत्ती लावून पाहायचं. नियम सोपा होता: ज्या बाजूला स्टिकर आणि आधाराच्या दांड्या, तिकडे वारा जातो. आणि पंखा वर्षभरात घरघरायला लागला की तोच स्टिकर सोलून आत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. स्वस्त पंख्यांत साधं स्लीव्ह बेअरिंग असायचं, त्यातलं वंगण वाळायचं. तेलाने पुढचे काही महिने सुखाचे जायचे, पण स्टिकर पुन्हा कधी नीट चिकटायचा नाही.

त्या आवाजाची मला जराही आठवण येत नाही, हे सांगितलंच पाहिजे. १२० आणि १४० मिलिमीटरचे आजचे पंखे तेवढीच हवा निम्म्याहून कमी फेऱ्यांत हलवतात. मोठं पातं सावकाश फिरतं म्हणून शांत, एवढंच त्यातलं रहस्य. नॉक्टुआसारखी ऑस्ट्रियन कंपनी पंख्यावर सहा वर्षांची वॉरंटी देते, आणि तिच्या एका चांगल्या पंख्याच्या किमतीत तेव्हा एसएमपीएससकट अख्खं कॅबिनेट आलं असतं. रंग तेवढा चॉकलेटी-बदामी. मला आवडतो, नव्या पिढीला तो जुन्या सोफ्याचा वाटतो.

एसएमपीएसही आता खाली गेला. स्वतःपुरती हवा तळातून घेतो आणि मागून सोडतो, कॅबिनेटच्या उष्णतेशी त्याचं देणंघेणं उरलं नाही. म्हणून समोरून हवा आत घेणारे आणि मागून-वरून बाहेर टाकणारे वेगळे पंखे लागतात. आत येणारी हवा जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त ठेवली की फटींतून धूळ शिरत नाही, जाळीवर अडते. ही साधी गोष्ट बाजार मध्यंतरी विसरला होता. समोरही काच लावलेली कॅबिनेटं आली, आत सहा-सहा पंखे, आणि त्यांना हवा मिळायला बोटभर फट! आमचा भोकं पाडलेला पत्रा निदान देखणेपणाचा दावा करत नव्हता. आता समोर जाळी परत आली, बरं झालं.

तारा सगळ्या काळ्या झाल्या. चार पिनांचा पंखा असेल तर वेगाचा हुकूम चौथ्या पिनेवरून जातो, व्होल्टेज १२च राहतं. तीन पिनांचा पंखा मदरबोर्डवरच्या त्याच जोडजागेवर, म्हणजे हेडरवर, बसतो, पण बायॉसमध्ये डीसी निवडलं नाही तर भन्नाट सुटतो. एका हेडरवर साधारण एक अॅम्पियरपर्यंतच भार. पंखे अधिक असतील तर एसएमपीएसवरून वीज घेणारा हब. त्यात पंख्यांतल्या दिव्यांची वेगळी वायर: तीन पिनांची ५ व्होल्टची आणि चार पिनांची १२ व्होल्टची. पहिलीतले दिवे दुसरीच्या हेडरवर जबरदस्तीने लावले की जळतात. पिवळी-लाल पाहून कळायचं ते आता मदरबोर्डवरची मुंगीएवढी अक्षरं वाचून कळतं, म्हणजे माझ्या वयात मोबाइलचा टॉर्च लावून.

नागपूरच्या पुतण्याच्या कॅबिनेटात यंदा सगळं यथासांग होतं. जाळी, सहा पंखे, तापमानाप्रमाणे वेग वाढवणारा आलेख त्याने स्वतः आखलेला. तरी मे महिन्यात गेम खेळताना आकडे चढलेच, कारण पंखा खोलीतलीच हवा फिरवतो आणि खोली त्रेचाळीसवर. त्याने फोन केला, “काका, काच काढून कूलरसमोर ठेवू का?”

“कूलरसमोर नको,” मी म्हटलं, “तुषार उडतात. टेबलफॅन आहे का घरात?”