आयलन मोरचे तिघे

हेब्रिडीजच्या पश्चिमेकडील आयलन मोर या निर्मनुष्य बेटावरून दीपगृहाचे तीन रखवालदार, डुकॅट, मार्शल आणि मॅकआर्थर, १९०० च्या डिसेंबरात नाहीसे झाले, ती हकीकत आज पुन्हा वाचीत बसलो. २६ तारखेस बदलीचा माणूस घेऊन ‘हेस्परस’ जहाज तेथे पोचले, तेव्हा दिवा पुसूनभरून सज्ज होता, भांडी घासलेली होती आणि पाटीवरील नोंदी १५ तारखेच्या सकाळी नऊपाशी थांबल्या होत्या. उलथलेली खुर्ची आणि न शिवलेले जेवण ही पुढे गिब्सन कवीने घातलेली भर. लोकांना मात्र तीच पाठ आहे!

तपासास आलेले अधीक्षक म्यूरहेड यांनी पश्चिमेच्या धक्क्याजवळ वाकलेले लोखंडी कठडे आणि समुद्रापासून ११० फुटांवरील, दोरखंडांची फुटलेली पेटी पाहून, ती सावरावयास गेलेल्या या माणसांना अजस्र लाटेने ओढून नेले असावे, असा अहवाल दीपगृह मंडळाकडे रुजू केला, आणि मला तो पटतो. अडते ते एवढ्यावरच, की मॅकआर्थरचा कोट खुंटीवरच राहिला होता. म्हणजे दिव्यापाशी एकाने थांबावे हा दंडक मोडून तो, ऐन डिसेंबरात, नुसत्या सदऱ्यानिशी धावला, तो कोणाची हाक ऐकून?